डब्यावरचा दगड

माझ्या संगणकाच्या वर्गात पहिल्यांदा दगड दिसला तेव्हा मी तो उचलून खिडकीबाहेर भिरकावणारच होते. हात पुढे गेलाही होता. पण वर्गातल्या सगळ्या बाया एकदम "बाई, नको, नको!" करून ओरडल्या, आणि माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा हात तसाच धरून उभी राहिली.

जव्हारला बाजाराच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं घर. पुढच्या खोलीत वर्ग, मागच्या खोलीत आम्ही दोघं. आधी मी टायपिंग शिकवायचे. त्या खडखडाटाने शेजाऱ्यांचे कान किटले, तेव्हा कुठे संगणक आले. आले म्हणजे कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी निकालात काढलेले आले. सुरू व्हायला ते इतका वेळ घेत की तोवर बायांची एकमेकींच्या घरची सगळी खबरबात काढून व्हायची. आमचे हे निवृत्त मास्तर. ते म्हणायचे, "तुझा वर्ग फार चांगला आहे गं, फक्त ते संगणक तेवढे काढून टाक." मी त्यांना चहा द्यायची नाही त्या दिवशी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक बाया नोकरीतल्या किंवा पंचायतीतल्या. कुणी अंगणवाडीताई, कुणी आशाताई, कुणी ग्रामपंचायतीची सदस्य. बाजाराच्या दिवशी जव्हारला यायचं, बाजार करायचा, माझ्याकडे जमेल तेवढं बसायचं आणि शेवटची जीप गाठायची, असा त्यांचा शिरस्ता. जिने दगड ठेवला ती त्यांतलीच एक. सूर्यमाळच्या पलीकडे ओहोळ ओलांडून वर चढलं की पाच घरांचा एक पाडा लागतो, तिथली. तिशीतली, काटक, पंचायतीची सदस्य. बोलायला अगदी कमी. मी दहा वाक्यं बोलले की ती एक बोलायची, आणि ते एक बरोबर असायचं, याचा मला रागच यायचा.

ती माझ्याकडे का आली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांच्या गावाला नळाची योजना यायची होती. आराखड्यात बाकीचे पाडे होते, हिचा नव्हता. कुणी मुद्दाम गाळला होता असंही नाही. जुन्या नकाशाचा कागदच ओहोळाच्या अलीकडे संपत होता. तिने विचारलं तेव्हा योजनेचा साहेब म्हणाला, "तुमचा पाडा काढून आणा. घरं, वाटा, चढउतार, सगळं दिसलं पाहिजे. ग्रामसभेच्या आत आणलंत तर घालतो." दुसरी असती तर घरी गेली असती. ही दुसऱ्या बाजाराला माझ्या दारात.

"बाई, मला पाडा काढायला शिकवा."

"अगं, आधी उंदीर तरी धरायला शीक," मी म्हटलं. माऊसला मी उंदीरच म्हणते.

"शिकते," ती म्हणाली आणि बसली.

तर तो दगड. काळा, मुठीएवढा, मधून पांढरी शीर गेलेला. तिने तो खिडकीजवळच्या संगणकावर नीट मधोमध ठेवला होता आणि पिशवी घेऊन निघाली होती. माझा पारा चढला. "हे काय गं? हा काय म्हसोबाचा ओटा आहे?"

"काम पुरं नाय झालं, बाई. जीप सुटंल. म्हणून नंबर लावला."

मग बाकीच्या बायांनीच मला समजावलं. उन्हाळ्यात वरच्या पाड्यांना पाणी म्हणजे दरीतला झरा. त्यात पाणी वाटीवाटीने जमतं. एक हंडा भरायचा म्हणजे बसून राहायचं. सगळ्यांना दिवसभर बसणं कसं परवडेल? मग प्रत्येकीने आपला दगड रांगेत ठेवायचा आणि कामाला जायचं. दगड आहे म्हणजे बाईच तिथे उभी आहे. तिच्या आधी कुणी पाणी घ्यायचं नाही. दगड जिचा तिनेच उचलायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"आणि ती आलीच नाही तर?" मी विचारलं.

"येते," ती म्हणाली.

झालं. साथ पसरावी तसं ते पसरलं. एकीचं बघून दुसरीने ठेवला, दुसरीचं बघून तिसरीने. काम जतन करून संगणक बंद करायचा हे मी घसा कोरडा पडेस्तोवर शिकवलं होतं. पण डोळ्यांसमोर दिसणारं चित्र मिटवून जायला कुणाचा जीव होत नसे. शिवाय आपल्या मागे दुसरी बसून काय उलटंपालटं करेल, ही भीती वेगळीच. काही दिवसांत अशी पाळी आली की बाजार नसलेल्या दिवशीही वर्गातल्या निम्म्या संगणकांवर दगड, आणि आलेल्या बाया भिंतीला टेकून उभ्या. रिकाम्या खुर्चीत बसा म्हटलं तर एकही बसेना. "त्यांचा नंबर हाये, बाई." मी कपाळाला हात लावला. हे मात्र दारात उभे राहून पोट धरून हसत होते.

दगड काढायला सांगून उपयोग नव्हता. मग काय करायचं? काम त्या त्या संगणकात अडकलंय हेच खरं दुखणं होतं. ते तिथून सोडवलं की झालं. दुपारी वर्ग रिकामा असला की मी वाचत बसायचे, ते वाचताना एक युक्ती सापडली. मी एक चांगला दणकट संगणक आणला आणि मागच्या खोलीत तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवला. त्याला पडदा नाही, कळा नाहीत, काही नाही. नुसता डबा. पुढच्या खोलीतले सगळे म्हातारे संगणक तारेने त्या डब्याला जोडले. आता काम सगळं डब्यात व्हायचं आणि दिसायचं मात्र पुढच्या पडद्यांवर.

बायांना मी असं सांगितलं. तू इथे कळ दाबलीस की ती खबर तारेतून मागच्या खोलीत जाते. डबा काय करायचं ते ठरवतो आणि तुझ्या पडद्याला उलट सांगतो, इथपासून तिथपर्यंत रेघ ओढ, इथे चौकोन काढ, इथे हे अक्षर लिही. डब्याकडून चित्र येत नाही, नुसतं सांगणं येतं. सांगितल्याबरहुकूम चित्र काढतो तो तुझ्या समोरचा पडदा.

"आमी दरीच्या पल्याडच्या मानसाला हाळी घालतो तसं," ती म्हणाली. "छपराचा वासा डावीकडं घे, अजून घे, पुरे."

अगदी तसंच. आणि गंमत ऐका. हा प्रकार ज्यांनी काढला त्यांनी नावं उलटी ठेवलीत. आपल्याला वाटतं, मागे बसलेला मोठा डबा तो सर्व्हर आणि आपण त्याचं गिऱ्हाईक. यात मात्र आपल्या समोरचा पडदा तो सर्व्हर, कारण चित्र काढून द्यायची सेवा तो करतो, आणि डब्यातला प्रोग्राम हा गिऱ्हाईक, माझं एवढं काढून दे म्हणून मागत येणारा. हे मी यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे आपल्या घरासारखंच. आवाज सगळा तुझा, राबणारा मी." त्या दिवशीही चहा मिळाला नाही.

मी खूश होते. म्हाताऱ्या संगणकांना तरतरी आली होती, वर्ग पळायला लागला होता. दगड तेवढे गेले नव्हते, पण मी म्हटलं, जातील हळूहळू.

आणि मग तिचं काम बुडालं. ग्रामसभा जवळ आली होती, म्हणून त्या दिवशी ती सकाळपासून बसलेली. घरं काढून झाली होती, वाटा झाल्या होत्या, ओहोळ झाला होता, आता चढ दाखवणाऱ्या रेघा चालल्या होत्या. हात धुवायला म्हणून उठली, सवयीने दगड ठेवला आणि मागे गेली. तेवढ्यात विजेचा दाब वरखाली झाला. खिडकीजवळचा तो संगणक फट् करून विझला, तो कायमचा. मी म्हटलं, घाबरू नकोस, काम डब्यात आहे, दुसरीकडे बस. दुसरीकडे उघडून बघितलं तर सकाळी जतन केलं होतं तेवढंच. दिवसभराचं गेलेलं.

माझी फजिती तिथे झाली. त्या पद्धतीत प्रोग्राम चालतो डब्यात हे खरं, पण त्याचा जीव असतो समोरच्या पडद्याशी बांधलेला. पडदा गेला की प्रोग्रामला वाटतं, ऐकणारंच कुणी उरलं नाही, आता बोलायचं कुणाशी? तोही आटोपतो. हे मी वाचलं होतं हो, पण इतकं मनावर घेतलं नव्हतं.

"मी दगड ठेवला व्हता," ती म्हणाली.

रागाने नाही. नुसतं सांगितलं. मग पदराने हात पुसत म्हणाली, "सासू झऱ्यात उतरताना घसरली बाई, मागल्या उन्हाळ्याला. पाय अजून धरतो. तरी रोज उतरते." एवढं बोलून ती बसली आणि सकाळच्या चित्रावर पहिल्यापासून रेघा ओढायला लागली. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे आपटले.

पण मी काही अशी हार मानणारी नाही. पुन्हा वाचलं, पुन्हा जोडाजोड केली, आणि दुसरी पद्धत लावली. हिच्यात डब्याच्या पोटातच एक खोटा पडदा असतो. खरा कुठे दिसत नाही, पण प्रोग्रामला तो खराच वाटतो, आणि तो बिचारा त्याच्यावरच चित्र काढत राहतो. पुढच्या खोलीतले पडदे त्या खोट्या पडद्याकडे नुसते डोकावून बघतात आणि जिथे जेवढं बदललं तेवढा तुकडा उचलून आणतात. डोकावणारा गेला तरी आतलं चित्र तसंच. दुसऱ्या खिडकीतून डोकावा, तेच दिसणार.

पुढच्या बाजाराला ती आली. मी तिला एका संगणकावर बसवलं, रेघ ओढायला लावली, आणि रेघ अर्धी झाली असताना सरळ तार उपटली. पडदा काळा झाला. "बाई!" अशी किंचाळली ती, की हे मागून लाटणं घेऊन धावत आले. मी तिला हाताला धरून शेजारच्या संगणकावर बसवलं आणि चित्र उघडलं. तिचा पाडा जसाच्या तसा. अर्धी रेघ अर्धीच, आणि बाणसुद्धा त्या रेघेच्या टोकाशी थांबलेला.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग उठली, मागच्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पिंपाशेजारच्या डब्यासमोर बसली. त्याला हात लावला. तो गरम होता. परत पुढे आली, विझलेल्या संगणकावरचा आपला काळा दगड उचलला आणि नेऊन डब्यावर ठेवला.

"नंबर हितं लावायचा व्हता," ती म्हणाली.

मी इतकी वर्षं शिकवते, पण शिकवलेलं असं लख्ख कुणाला कळलेलं मी फार थोड्या वेळा बघितलंय. मला हसूही आलं आणि रडूही. बाकीच्या बायांनी तिचं बघितलं आणि हळूहळू पडद्यांवरचे दगड गेले. कुणीही कुठेही बसायला लागली. डब्यावर तिचा तेवढा एक राहिला. यांनी एकदा त्याच्याशेजारी चहाचा कप ठेवला, तेव्हा मीच ओरडले, "अहो, तिथे नंबर लावलाय!"

नकाशा वेळेच्या आत झाला. मी छापून दिला, आणि ग्रामसभेला तिच्यासोबत गेलेही. खरं म्हणजे मला जायचं कारण नव्हतं, पण मला राहवेना. माझा जुना लॅपटॉपही बरोबर घेतला. तो इतका म्हातारा की नकाशाचा प्रोग्राम त्याला पेलत नाही, पण डोकावायला चालतो. यांना घरी बसवलं. "डब्याजवळून हलायचं नाही. दिवे गेले तर इन्व्हर्टर बघायचा." हे म्हणाले, "तांदूळ राखायला बसवतेस की डबा?"

मोखाड्यापर्यंत एक जीप, वर दुसरी, आणि पुढे पायी. शाळेच्या पडवीत सभा होती. साहेब माणूस चांगला होता, नकाशा उलगडून त्याने नीट बघितला. पाच घरांवर बोट ठेवून मोजली. मग त्याचं बोट खाली सरकलं आणि शाळेवर थांबलं.

"ताई, नकाशा उत्तम आहे," तो म्हणाला, "पण हे बघा. टाकी इथे शाळेजवळ धरलीय. तुमचा पाडा टाकीपेक्षा उंच आहे. पाणी चढणार नाही."

तिची सासू पडवीच्या कडेला एक पाय लांब करून बसली होती. तिने नुसतं सुनेकडे बघितलं.

मग सूनच म्हणाली, "टाकी वर घेतली तर? डोंगराच्या सोंडेवर?"

साहेबाने पुन्हा नकाशा बघितला, तिच्या चढाच्या रेघा बघितल्या. "घेता येईल. मग सगळ्यांनाच उतार मिळेल. पण सगळी पाईपलाईन बदलते, लांब्या बदलतात. आराखडा उद्या वर जायचा आहे. आज माझ्या हातात सुधारलेला नकाशा पाहिजे. मी जेवून निघेन, तोवर थांबतो." आणि जरा ओशाळून म्हणाला, "नाहीतर मग पुढच्या योजनेत."

पुढच्या योजनेत म्हणजे काय, ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

त्या गावात फोनला रेंज मिळते ती एकाच जागी, टेकाडावरच्या एका सपाट कातळावर. फोन लावायचा असला की सगळं गाव तिथे चढतं. आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन तिकडे पळालो. म्हणजे ती पळाली, मी धापा टाकत गेले. माझ्या मोबाईलवरून नेट जोडलं आणि जव्हारच्या डब्यात डोकावलो. रेंज एवढीशी. मी रंग कमी करून टाकले, चित्राचा दर्जा उतरवला, म्हणजे येणारे तुकडे हलके होतील. तरी एकेक तुकडा गोगलगायीसारखा येत होता. आधी शाळा आली. मग मुख्य वस्ती. मग ओहोळाचा एक भाग. वरचा कोपरा, तिचा पाडा होता तो, राखाडीच. ती श्वास रोखून बघत होती. मी मनातल्या मनात कुणाकुणाला शिव्या देत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एकदाची घरं उमटली, पाचही.

मग ती कामाला लागली. टाकीवर बाण न्यायचा, कळ दाबायची आणि थांबायचं. तिची कळ डोंगर उतरून जव्हारला जायची, आमच्या तांदळाच्या पिंपाशेजारी टाकी सरकायची, आणि सरकलेल्या टाकीचा तुकडा परत डोंगर चढून यायचा. मी असते तर कळा बडवून बडवून सगळा गोंधळ केला असता. तिला थांबायची सवय होती. एक कळ, आणि वाट बघणं. टाकी सोंडेवर गेली. तिथून एकेक पाईप नव्याने निघायला लागला.

पाईपलाईन ओहोळापाशी आली आणि माझा फोन वाजला. कुणाचा असणार? आमच्या यांचा.

"काय गं, सगळं ठीक ना?"

फोन आला की आमच्या त्या रेंजमध्ये नेट बंद पडतं. पडदा जागच्या जागी गोठला. "अहो, फोन ठेवा!" मी अशी ओरडले की खाली पडवीतली माणसं उठून उभी राहिली. "ठेवा आधी!"

"पण इथे दिवे गेलेत. इन्व्हर्टर चालू आहे, एवढंच सांगायला..."

"ठेवा!!"

ठेवला त्यांनी. पण जोड तुटली ती तुटलीच. रेंजसुद्धा गेली. मी मोबाईल डोक्यावर धरून कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. खाली साहेबाचं जेवण होत आलं असणार. मला वाटलं, गेलं. पाच घरांचं पाणी माझ्या नवऱ्याच्या काळजीपायी गेलं.

ती मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन शांत बसली होती. "बाई, बसा. काम डब्यात हाये."

"अगं, पण रेंज?"

"येते," ती म्हणाली.

आली. थोड्या वेळाने एक दांडी आली, मग दुसरी. पुन्हा डोकावलो. पाईपलाईन ओहोळापाशी थांबली होती तिथेच थांबलेली होती, आमची वाट बघत. तिने ती ओहोळाच्या पलीकडे नेली, चढावर नेली आणि पाचव्या घरापर्यंत पोचवली. आता एवढा मोठा नकाशा त्या मरतुकड्या रेंजवर वर कसा आणायचा, या विचाराने माझं डोकं फिरायला लागलं. आणि मग माझंच मला हसू आलं. वर आणायचा कशाला? नकाशा आहे जव्हारात, रेंज चांगली आहे जव्हारात. आम्ही इथून फक्त सांगायचं, पाठव. साहेबाच्या मेलवर नकाशा डब्यानेच तिथून पाठवला. साहेब जेवून टेकाडावर आला, कातळावर उभा राहिला तसा त्याचा फोन टुणकन वाजला. बराच वेळ लागला त्याला तो उघडायला. मग मान हलवून म्हणाला, "झालं ताई. घेतला तुमचा पाडा." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आले तर हे डब्याजवळ स्टूल टाकून बसलेले. जेवलेसुद्धा नव्हते. मी भांडायचं ठरवून आले होते, पण मग आधी चहा टाकला, दोघांचा.

पावसाळा गेला, काम निघालं, मध्ये थांबलं, पुन्हा सुरू झालं. या गोष्टींना लागतो तसा वेळ लागला. ती अधूनमधून बाजाराला आली की डोकावून जायची, दगड जागेवर आहे ना बघायची. मी एकदा विचारलं, "अगं, काम तर झालं. आता कशाला नंबर?" ती म्हणाली, "पाणी कुठं आलंय अजून?"

मग एके दिवशी बघते तो डब्यावर दगड नाही. मी यांच्यावर घसरले. झाडताना फेकला असणार यांनी. हे शपथेवर सांगत होते की मी हात लावलेला नाही. दोन दिवस आमचं त्यावरून वाजलं. तेवढ्यात तिचा निरोप आला, पाड्यावर नळाला पाणी येणार आहे, बाईंनी आणि मास्तरांनी सकाळीच यायचं.

सकाळी कुठलं? मोखाड्याच्या पुढे जीपचं चाक बसलं. दुसरी मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ओहोळ ओलांडून चढ चढताना मी यांना म्हणत होते, आता काय, समारंभ आटपला असेल, नळ वाहून झाला असेल, आपण जाऊन नुसता चहा पिऊन यायचं.

पाड्यावर पोचलो तर पाच घरांतल्या सगळ्या बाया नळाभोवती उभ्या. हंडे कोरडे, सगळ्यांचे. सासू ओट्याला टेकून बसलेली, शेजारी तिचा हंडा, तोही कोरडा.

"हे काय? पाणी नाही आलं?" मी विचारलं.

"आलंय. सकाळीच," ती म्हणाली. "नळ सोडला नाय अजून."

"अगं मग सोडा की! उन्हात काय उभ्या आहात सगळ्या? कुणाची वाट बघताय?"

सासूने नुसतं बोट केलं. नळाच्या खाली, जिथे हंडा ठेवायचा तिथे मधोमध एक दगड होता. काळा, मुठीएवढा, मधून पांढरी शीर गेलेला.

"तुमचा नंबर लावलाय, बाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "येड्यांनो, आणि मी आलेच नसते तर?"

"आल्या ना," सासू म्हणाली.

हे मागे उभे राहून चष्मा पुसत होते. मी डोळे पुसायच्या भानगडीत पडले नाही. दगड जिचा तिनेच उचलायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. मी वाकले आणि दगड उचलला.